मानकोलीची भरती उशिरा येते

"तुमच्याच पेपरात छापलंय," सोनावणे साहेब म्हणाले आणि घडी घातलेला पेपर त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. "भरती दुपारी दीडला. दीड वाजून गेलाय. पाणी कुठे आहे?"

पाणी नव्हतं. समोर चिखल होता, चिखलात तिवरांची झाडं होती आणि त्यांच्या मुळांमधून निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे चिखलावर राहणारा बोटभर मासा. माझी शिडाची बोट त्याच चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती. नालेसफाईत सापडलेल्या खाटेसारखी दिसत होती बिचारी.

साहेब जिल्ह्याच्या कचेरीतून आले होते. मानकोलीच्या पलीकडे खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याची पाहणी करायला. प्रश्न साधा होता. भरतीचं पाणी या फाट्यात येतं की नाही? येत असेल तर जागा खाडीची, तिथे भराव टाकता येत नाही. येत नसेल तर जागा कोरडी, खुशाल भरा आणि गोडाऊन बांधा. रस्त्याच्या कडेला मुरूम भरलेले डंपर रांगेने उभे होते. साहेबांनी एक शब्द लिहायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत फाटा बुजला असता. मग तिवरं गेली असती, निवट्या गेल्या असत्या आणि तिथे चिंबोऱ्या पकडून घर चालवणाऱ्या बायकाही उठल्या असत्या.

आणि भरतीची जी वेळ पेपरात छापून आली होती, ती देणारा माणूस मीच होतो.

आता हे कसं झालं ते सांगतो. आमचं घराणं भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमानांचं. आजोबांचा मचवा होता. बंदरावरून भात आणि कौलं भरून तो मुंबईला जायचा. मचवा विकला गेला, पण शिडाचं वेड माझ्यापर्यंत उतरलं. कॉलेजात असताना मुंबईच्या एका क्लबात मी क्रू म्हणून लागलो. क्रू म्हणजे बोटीचा मालक सुकाणू धरतो आणि ओरडतो, तेव्हा दोर ओढणारा आणि ओरडा खाणारा माणूस. पुढे माझी स्वतःची दोन माणसांची डिंगी झाली, शर्यती झाल्या, काही कप आले. ऐंशीच्या दशकात एका मराठी पेपरात चिकटलो. शिडाच्या शर्यतींवर लिहिणारा मराठीत दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे स्पर्धा नव्हती. जागाही नव्हती. क्रिकेटखाली उरेल तेवढ्या जागेत माझी बातमी बसायची.

पानं लावणारे चीफ सब म्हणाले, "इक्बाल, तू समुद्रावरचा माणूस ना? मग भरती-ओहोटीचा चौकोनही तूच देत जा." तो चौकोन माझ्या गळ्यात पडला तो कायमचा. मुंबई बंदराच्या छापील तक्त्यावरून वेळा उतरवायच्या आणि द्यायच्या. काम दोन मिनिटांचं. तो चौकोन कुणी वाचतो असं मला कधी वाटलं नव्हतं.

खाडी वाचवायच्या भानगडीत मी नव्वदनंतर पडलो. रविवारी शर्यत करायची आणि सोमवारी घरी येताना बघायचं, तर गेल्या आठवड्यात उभी असलेली तिवरं तोडलेली असायची. मी तसा तापट माणूस. शर्यतीत कुणी आडवा आला की माझा आवाज किनाऱ्यावर ऐकू जातो. इथे आवाज चढवून उपयोग नव्हता. म्हणून दोन-चार मास्तर, एक डॉक्टर आणि मी असे मिळून अर्ज करू लागलो. अर्जावर अर्ज झाले. शेवटी पाहणीचा दिवस मिळाला, होळीनंतरची द्वितीया.

दिवस मीच मागून घेतला होता. खाडीकाठच्या लोकांना भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. द्वितीयेला दोनाची पाऊणपट, म्हणजे समुद्राला दीड, आणि इतक्या आत आमच्याकडे त्यावर दीड-दोन तास. पुनवेनंतरचे एक-दोन दिवस पाणी सगळ्यात जास्त चढतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते मरगळतं, त्याला भांग म्हणतात. फाट्यात पाणी दाखवायचं तर उधाणाचाच दिवस हवा. मी बोटही आदल्या दिवशी टेम्पोवर टाकून आणून ठेवली. साहेबांना बोटीत बसवायचं आणि फाट्यातून फिरवून आणायचं. पाणी आहे की नाही यावर मग बोलायचंच काय?

बेत उत्तम होता. साहेब मात्र माझ्या हिशेबापेक्षा हुशार निघाले. मी त्यांना तीन वाजता बोलावलं होतं. त्यांनी पेपर बघितला, भरतीची वेळ दीड वाचली आणि बरोबर दीडला येऊन उभे राहिले. अर्जदाराच्या सोयीने नाही, भरतीच्या वेळेला जायचं. माणूस सचोटीचा होता, आणि तीच माझी पंचाईत झाली.

"साहेब," मी म्हणालो, "ती वेळ मुंबई बंदराची आहे. इथे पाणी दीड-दोन तासांनी उशिरा येतं."

"हे पेपरात लिहिलेलं नाही."

"वर लहान टायपात मुंबई असं लिहिलंय."

"भिवंडीसाठी वेगळी भरती असते?"

माझ्या शेजारी हरिश्चंद्र खुदकन हसला. जमिनीवर दावा सांगणारा तो हाच. आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. त्याचे वडील खाडीत जाळी टाकायचे. हरिश्चंद्राने आधी लूम टाकले, मग जमिनीत पडला आणि आता त्याला शेठ म्हणत. पांढरे बूट घालून तो चिखलाच्या कडेला उभा होता.

"साहेब, मी इथलाच हाय," तो म्हणाला. "पानी येत न्हाय इथं. आधी येत व्हता, आता बंद झाला."

"बंद झाला नाही, तू केलास," मी म्हणालो. "हऱ्या, फाट्याच्या तोंडावर मुरमाचा बांध कुणी घातला?"

"त्यो बांध माझ्या बापाचा हाय. मी निस्ती डागडुजी केली."

"डागडुजी? गेल्या महिन्यात तिथून माझी बोट गेलीये!"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, हरिश्चंद्राकडे नाही. "बांध जुना की नवा हे मला सांगता येणार नाही. मी डोळ्यांना दिसेल तेच लिहिणार. आत्ता मला चिखल दिसतोय."

त्यांनी खिशातून पेन काढलं.

मी शर्यतीत बोट उलटवली आहे, जहाजाच्या समोरून निसटलो आहे, पण त्या पेनाएवढी भीती मला कशाची वाटली नाही. मी मनाशी म्हटलं, इक्बाल, आता आवाज चढवलास तर संपलं.

"साहेब," मी शक्य तितक्या हळू म्हणालो, "मुंबई सेंट्रलहून दीडला सुटलेली एसटी दीडलाच भिवंडीला पोचते का?"

साहेबांचं पेन थांबलं.

"तसंच पाण्याचं आहे. भरती समुद्रातून निघते. वसईच्या खाडीतून वळणं घेत तिला इथवर यायचं असतं. वाटेत गाळ, वाटेत पूल. मी दिलेली वेळ सुटण्याची आहे, पोचण्याची नाही."

"येष्टी निदान येते तरी," हरिश्चंद्र म्हणाला. "साहेब, नाशिक हायवेला जेवनाची सोय केलीय. चला, रिपोट तितं बसून लिवा."

इथे हरिश्चंद्र चुकला. साहेबांचा चेहरा आंबट झाला.

"मी डबा आणलाय," ते म्हणाले. "बाहेर जेवत नाही." मग त्यांनी घड्याळ बघितलं, चिखल बघितला, मला बघितलं. "जेवणाची सुट्टी मला कुठे ना कुठे घ्यायचीच आहे. ती इथे घेतो. डबा संपेपर्यंत पाणी आलं तर आलं. त्यानंतर मला ठाण्याला मीटिंग आहे."

साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर गाडी कुठे लावू म्हणून विचारत होता. हरिश्चंद्र पुढे झाला. फाट्याच्या आतल्या अंगाला त्याने थोडी जागा आधीच मुरूम टाकून सपाट करून ठेवली होती. "तितं घाल, बिनधास्त," तो म्हणाला. "शिमेटवानी जमीन हाय." ड्रायव्हरने जीप तिथे नेऊन लावली आणि तो आत आडवा झाला.

आम्ही भेंडीच्या झाडाखाली बसलो, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी होतो तो मोठा वृक्ष. साहेबांनी डबा उघडला. तीन पोळ्या, भेंडीची भाजी, लोणचं. तीन पोळ्यांना माणसाला किती वेळ लागतो?

शर्यतीत वारा पडला तर पंचांची कमिटी बोट लगेच घरी जात नाही. टाइम लिमिट नावाचा नियम असतो. ठरलेली मुदत संपेपर्यंत शर्यत चालू धरतात, आणि कित्येकदा शेवटच्या घटकेला वारा येतो. मी साहेबांना हे सांगायला लागलो. मग कशावर ना कशावर बोलतच राहिलो. शिडाची बोट वाऱ्याच्या उलट दिशेला कशी जाते, नागमोडी का घ्यावी लागते, क्लबातले साहेब हरले की कसे वाऱ्याला शिव्या देतात. हात हलवून, काडीने मातीत चित्रं काढून मी सांगत होतो. साहेबांनी विचारलं तर उत्तर लांबवत होतो. माझा डोळा मात्र दुसऱ्या पोळीवर होता.

बायकोने मला सांदणं बांधून दिली होती, गोड. मी ती पुढे केली. "घरची आहेत. बाहेरची नाहीत."

साहेब जरा घुटमळले. "माझ्या कामाशी याचा काही संबंध नाही ना?"

"बिलकुल नाही," मी म्हणालो. ते एक तेवढं खोटं बोललो.

तेवढ्यात चिंबोऱ्यांची टोपली घेऊन ताराबाई आल्या. ताराबाई म्हणजे हरिश्चंद्राची सख्खी काकी. याच फाट्यावर त्यांचं पोट होतं, पुतण्याला ते माहीत होतं आणि म्हणून तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. त्या साहेबांच्या समोर फतकल मारून बसल्या.

"सावकास खा सायेब," त्या म्हणाल्या. "घाईन जेवला का पोटात दुकते."

"काकी, तू घरा जा," हरिश्चंद्र म्हणाला.

"का? मी काय तुज्या गोडावनात बसलेय?"

साहेब हसले. हसताना घास थांबतो, हे माझ्या लक्षात आलं. मी ताराबाईंना मनातून सलाम केला.

तरी पोळ्या संपल्या. सांदणंही संपली. साहेबांनी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, डब्याची झाकणं लावली आणि ते उभे राहिले. फाटा तसाच होता. चिखल वाळून वर भेगा दिसत होत्या. मोठ्या खाडीत पाणी नक्की चढत असणार, पण ती तिवरांच्या पलीकडे, दिसत नव्हती. आणि मध्ये तो बांध. खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला होता. पाणी येणार याची मला खात्री होती, पण ते बांधावरून येईल याची नव्हती. बांध घातल्यानंतरचं हे पहिलंच मोठं उधाण होतं.

रस्त्यावरून एक डंपरवाला चालत आला. "सेठ, माल कहाँ डालने का? कब से खड़े हैं."

"रुक, दो मिनट," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी पेन काढलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं, "मी थांबलो. आता माझा इलाज नाही."

त्याच वेळी माझ्या मानेला वारा लागला. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, तो खाडीत शिरला की पाणी आणखी वर ढकलतो. माझी नजर बांधाच्या दिशेला गेली. तिवरांच्या मधून काहीतरी पांढरं आत सरकत होतं. भिवंडीच्या खाडीत लूममधल्या सुताचे गुंते कायम तरंगत असतात. तसलाच एक गुंता. तो जमिनीवरून चालत येऊ शकत नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "तो पांढरा गुंता दिसतोय का?"

"दिसतोय."

"कुठल्या बाजूला चाललाय?"

साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. "आत," ते म्हणाले.

मग आवाज आला. आधी कुणी घागर ओतल्यासारखा, मग मोठा. मुरमाच्या बांधाचं एक आहे. बाजूने पाणी भिडलं तर तो टिकतो. वरून वाहायला लागलं की साखरेसारखा विरघळतो. बांधाला खिंड पडली आणि तिच्यातून लाल पाणी फाट्यात घुसलं. चिखलाच्या भेगा भरल्या. निवट्या टणाटण उड्या मारत मुळांवर चढल्या. माझी कलंडलेली बोट हलली, सरळ झाली आणि दोराला ताण देऊन उभी राहिली.

ताराबाईंनी टोपली डोक्यावर घेतली. "आला गो बाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

मला हसावं की रडावं कळेना. मी मटकन खाली बसलो. शर्यत जिंकल्यावर असं कधी झालं नाही. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं, तरी मी उठलो नाही. इतकं हलकं वाटत होतं की कुणी फुंकर मारली असती तर उडालो असतो.

"आलं," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली. मग कुठवर आलं ते बघायला त्यांनी मान वळवली आणि ते ओरडले, "अरे, गाडी!"

हरिश्चंद्राच्या सपाट जागेवर जीप उभी होती. तिच्या चारही चाकांभोवती पाणी होतं आणि ते चढत होतं. ड्रायव्हर आत गाढ झोपला होता. आम्ही सगळे धावलो. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. हरिश्चंद्र पांढऱ्या बुटांसकट पाण्यात शिरला. डंपरवालाही शिरला. ड्रायव्हर दचकून उठला, त्याने स्टार्टर मारला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. चाकांखालचा मुरूम भिजून भुसभुशीत झाला होता.

"शिमेट कुठं गेला रं हऱ्या?" ताराबाईंनी काठावरून विचारलं.

"काकी, तू आता गप!"

आम्ही जीपला खांदे लावले. एका बाजूला मी, एका बाजूला हरिश्चंद्र, शाळेतल्या कबड्डीनंतर पहिल्यांदाच एकत्र जोर लावत होतो. जीप वर काढली तेव्हा तो धापा टाकत होता.

"इक्बाल," तो हळूच म्हणाला, "तुला ठाव व्हता?"

"बांध फुटेल हे? नाही."

"मंग येवढा काय बडबडत बसलावतास?"

"तेवढंच माझ्या हातात होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग, काय सांगू, हसायलाच लागला. मीही हसलो. साहेब मात्र हसले नाहीत. ते कामाला लागले होते.

"तुमची बोट चालेल?" त्यांनी मला विचारलं.

"चालेल की!"

"मला पाण्याची कड बघायची आहे. पूर्ण."

डिंगीच्या पोटाखाली एक फळी असते, ती वर ओढून घेतली की बोट गुडघाभर पाण्यातही चालते. मी फळी ओढली, शीड उभं केलं. साहेब आयुष्यात पहिल्यांदाच शिडाच्या बोटीत बसत होते. दोन्ही हातांनी त्यांनी कड घट्ट धरली होती. वारा छान होता. आम्ही फाट्यातून आत गेलो, वळलो आणि जिथे थोड्या वेळापूर्वी जीप उभी होती, त्या जागेवरून बोट नेली. साहेबांनी ताराबाईंकडून बांबू मागवले. जिथवर पाणी तिथवर त्यांनी माझ्याकडून ते रोवून घेतले. ओहोटी लागून पाणी उलट फिरेपर्यंत आम्ही फिरत होतो. ठाण्याची मीटिंग त्या दिवशी साहेबांशिवाय झाली असावी.

काठावर उतरल्यावर त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि रिपोर्ट तिथेच लिहिला. फाट्यात भरतीचं पाणी येतं, बोट चालते, स्वतः बसून पाहिलं. सही केली. डंपर तसेच भरलेले परत गेले.

भरावाची परवानगी नाकारली गेली. बांधाचा उरलेला मुरूम हरिश्चंद्रानेच उचलून नेला. वरच्या अंगाला, रस्त्यालगत त्याची दुसरी जागा होती. गोडाऊन तिथे उभं राहिलं आणि चांगलं चाललं. आमच्यात वैर राहिलं नाही. ताराबाई पुढे बरीच वर्षं त्या फाट्यावर जात होत्या. मी खाडीसाठी त्यानंतरही पुष्कळ भांडलो, काही ठिकाणी हरलो, पण त्या रात्री जसा बेफिकीर झोपलो तसा फार थोड्या वेळा झोपलो असेन.

खाडीच्या कामात नवी आलेली मुलं मला विचारतात, साहेब लोकांना पटवून कसं द्यायचं? मी सांगतो, मला आजवर एकाही साहेबाला काही पटवून देता आलेलं नाही. एकाला तासभर थांबवून ठेवता आलं, तेवढ्याने काम झालं.